वैनगंगेचे शंख

भंडारा जिल्ह्यांतील लाखांदूर तालुक्यांत चुलबंद नदी वैनगंगेस मिळते. हा मुलूख धानाचा आणि तलावांचा; येथल्या बांधींतील चिखलांत गोगलगाय पाहिली नाहीं असा मनुष्य विरळाच. परंतु जिला लामार्कनें १८१६ सालीं 'नेरिटिना' हें नांव दिलें, ती अर्धचंद्राकृति मुखाची व तशाच आकाराच्या टणक झाकणानें आपलें दार लावून घेणारी लहानशी गोगलगाय आम्हांस या बांधींत सांपडावयाची नाहीं. तिच्या जातींपैकीं पुष्कळ दगडांवर अंडीं चिकटवितात. पण अंड्यांतून निघालेलें सूक्ष्म पिलूं प्रवाहाबरोबर समुद्राकडे जातें, खाऱ्या पाण्यांत वाढतें आणि मग नदीमुखाकडे परततें. तिचे भाऊबंद कोंकणच्या खाड्यांत, तिवरांच्या आश्रयानें नांदतात. लाखांदूरचें पाणी मात्र प्राणहितेंतून गोदावरींत, आणि राजमहेंद्रीवरून पुढें समुद्रास, असा शेंकडों मैलांचा प्रवास करतें. एवढी वाट त्या चिमुकल्या जिवानें उलट कशी चढावी?

शंखावरून पाण्याची जात ओळखतां येते ती यामुळेंच; आणि नागपूर प्रांताच्या इतिहासांत या ओळखीनें एक मोठा वाद सोडविला आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्यें कोठें कोठें गाळाचा पातळ थर असतो. तो समुद्रांत सांचला कीं गोड्या तळ्यांत? १८४५ सालीं नागपुरास आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनीं टाकळी व आसपासच्या गांवीं असले थर धुंडाळले. तेथें सांपडलेले 'फायसा', 'लिम्निया' वगैरे शंख तळ्यांत राहणाऱ्यांचे होते. १८५५ सालीं त्यांचा निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय मंडळाच्या त्रैमासिकांत छापला गेला. पुढें १८६० च्या निबंधांत हिस्लॉप यांनीं राजमहेंद्रीजवळच्या काटेरू येथील शंखही तपासले. तेथें खाडीच्या मचूळ पाण्यांतील जाति निघाल्या! म्हणजे नागपुराकडे तळीं आणि राजमहेंद्रीकडे समुद्राचा काठ, असा प्राचीन नकाशा निव्वळ शंखांनीं काढून दिला. ज्या वाटेनें आज वैनगंगेचें पाणी समुद्रास जातें, तिच्याच दोन टोंकांचा हा पुरावा असावा, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

काळाच्या बाबतींत मात्र हिस्लॉप यांचा अंदाज चुकला. त्यांनीं हे थर तृतीय युगांतले मानले. आज ते सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचे, म्हणजे बव्हंशीं त्या युगाच्या उंबरठ्यावरचे ठरले आहेत. पण यास्तव त्यांस दोष देणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. खडकाचें वय मोजण्याचें साधनच त्या वेळीं नव्हतें. हातीं होते ते शंख, आणि शंखांनीं जें सांगितलें तें त्यांनीं नीट ऐकलें.

४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून रात्रीं घोड्यावरून बोरीकडे परततांना हिस्लॉप पुराच्या ओढ्यांत बुडाले. गोंडादि जमातींविषयीं त्यांनीं जमविलेले कागद मागें राहिले होते. ते सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केले.