महाडच्या दोन मिरवणुका

१/ देवाची पालखी असो वा लग्नाची वरात, मिरवणूक निघाली की सारे गाव एकत्र येते असे आपण म्हणतो. मात्र पुढे कोणी चालावे आणि कोणी दूर उभे राहावे, हेही मिरवणुकीतच ठरत असे. १९२७ साली महाडच्या रस्त्यांवरून निघालेल्या दोन मिरवणुकांनी या रीतीलाच आव्हान दिले.

२/ सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे ठरविले. परंतु हक्क कागदावरच राहिला. तळ्यावर जाण्याचे धाडस कोणी करू शकत नव्हते.

३/ २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी मंडपातून निघाले आणि शिस्तीने तळ्याकडे चालू लागले. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ओंजळभर पाणी प्राशन केले. पाठोपाठ इतरांनीही केले.

४/ आता हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा उठली. प्रतिनिधींवर हल्ले झाले, अनेकांची डोकी फुटली. पुढे सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही केले!

५/ डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली. तत्पूर्वीच विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहासाठी हजारो लोक सिद्ध होते. तथापि प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने सत्याग्रह तूर्त तहकूब करावा, असे बाबासाहेबांनी त्यांना पटवून दिले.

६/ मग दुसरी मिरवणूक निघाली. ती शहरातून फिरली, तळ्यापाशी गेली आणि परतली. पाण्याला कोणीही स्पर्श केला नाही.

७/ ही माघार होती काय? मनाई पाण्याला होती, रस्त्याला नव्हती. मार्चमध्ये ज्या शहरात रक्त सांडले, त्याच शहरातून ते लोक पुन्हा उघडपणे, संयमाने चालले. रस्ताही आपलाच आहे, हे त्या पावलांनी सांगितले.

८/ खटला जवळपास दशकभर चालला. अस्पृश्यांना वगळण्याची प्राचीन रूढी सिद्ध झालेली नाही, असे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी विरोधकांचा दावा फेटाळला. आजही २० मार्चला दूरदूरचे लोक महाडला येतात आणि त्या तळ्यापर्यंत चालत जातात.