वारसाची जमीन आणि परवानगीचा खर्च



वडिलोपार्जित जमीन ही घरची अक्षय ठेव, अशी आपली समजूत असते. परंतु शेताच्या जागीं घर वा गिरणी उभारावयाची झाली, कीं तीच ठेव प्रथम आपल्यापाशीं पैसा मागूं लागते. हिंगोली जिल्ह्याच्या इतिहासांत ही मागणी कशी वाढत गेली, हें आज पाहूं.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. येथील महसुली दप्तर मात्र निजामाच्या अमदानीचें आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत मोडत असे. त्या काळीं सारा भरणाऱ्या जमिनींबरोबर इनामी जमिनीही होत्या. निर्वाहासाठीं दिलेली ती मदतमाश, देवस्थान वा दर्ग्याच्या सेवेसाठीं दिलेली ती खिदमतमाश.

धार्मिक संस्थांचा अपवाद ठेवून १९५४ च्या कायद्यानें इनामें रद्द केलीं. जमीन कुटुंबाकडे राहिली, पण ‘भोगवटादार वर्ग दोन’ या अटीनें. हस्तांतरासाठीं सरकारची परवानगी आणि नजराणा आला. मदतमाश जमिनींवरील हा नजराणा बाजारभावाच्या ५० टक्के होता. २०२४ मध्यें तो ५ टक्क्यांवर आणण्यांत आला. आजोबांस मिळालेल्या देणगीचें मोल नातवानें असें पुन्हा मोजलें.

इनाम नसलेल्या जमिनीचीही वाट सोपी नव्हती. १९६६ च्या महसूल संहितेनें बिनशेती वापरास जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक केली. तत्पूर्वी वारसनोंद, मोजणी, वाटणी, नकाशा; प्रत्येक पायरीस खर्च. २०१४ पासूनच्या दुरुस्त्यांनीं विकास आराखड्यांतील व गांवठाणालगतच्या जमिनींची ही अट सैल केली. उंबरठा ठेंगणा झाला. आकार व कर भरणें राहिलेंच.

आतां खरा पेंच पाहा. वाटणी न झालेली जमीन तारण म्हणून घेण्यास पतपेढी कचरते, आणि वाटणीलाच पैसा लागतो. मग ज्या भावाच्या हातीं रोकड असते, तो खर्च सोसतो. सावकाराचें व्याज भरावें लागल्यास तेंही तोच भरतो, आणि पुढें त्या बळावर अधिक वाटा मागतो. बहिणींचें तर याहून कठीण. महाराष्ट्रांत १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनें मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. तथापि खर्चाचा वांटा उचलतां न आल्यामुळें हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी घरोघर आढळतील. कायद्यानें दिलेलें असें रोकडीवांचून निसटतें.

यास्तव अर्ज करण्यापूर्वीच सर्व वारसांनीं खर्चाचा लेख करावा. ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढाच त्याचा भार. ज्यास आज भरणें शक्य नाहीं, त्याची रक्कम त्याच्या नांवीं कर्ज म्हणून मांडावी व जमिनीचें उत्पन्न हातीं आल्यावर वळती करावी. कर्ज फिटतें, सोडलेला हक्क परत येत नाहीं.