स्टेपनी

मोटारीच्या जादा चाकाला आपण इतक्या सहजतेने ‘स्टेपनी’ म्हणतो की, हे मुळात वेल्समधील लानेली गावातल्या एका रस्त्याचे नाव आहे, याची शंकाही मनाला शिवत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार विकली जाई ती चारच चाकांनिशी. आणि घोडागाड्यांच्या त्या काळात नालांचे गळून पडलेले खिळे रस्तोरस्ती विखुरलेले असल्यामुळे, टायर पंक्चर झाला म्हणजे भर रस्त्यात धुळीत बसून तो उतरवावा, ट्यूबला ठिगळ लावावे आणि दम लागेपर्यंत पंपाने हवा भरावी, याखेरीज चालकाला गत्यंतर नसे. १९०४ साली लानेलीच्या स्टेपनी स्ट्रीटवर टॉम आणि वॉल्टर डेव्हिस या बंधूंनी यावर तोड काढली. त्यांचे चाक पूर्ण चाक नव्हतेच. आरे नसलेली एक धाव, तिच्यावर आधीच हवा भरून ठेवलेला टायर, आणि ही धाव पंक्चर झालेल्या चाकाच्या कडेला पकडींनी आवळून बसवण्याची तजवीज, एवढाच तो सरंजाम होता.

पुढे थोड्याच वर्षांत सबंध चाकच काढता-घालता येऊ लागले, रज-व्हिटवर्थसारख्या कारखान्यांची तशी चाके सर्वत्र रूढ झाली आणि डेव्हिस बंधूंची धाव निरुपयोगी ठरली. परंतु तिचे नाव मात्र आपल्याकडे गॅरेजच्या बोलीत कायमचे वस्तीला राहिले, आणि तिकडे दूर ब्राझीलमध्येही पोर्तुगीज बोलणारे लोक त्याच चाकाला ‘एस्तेपी’ म्हणतात. वस्तू नष्ट व्हावी आणि शब्द टिकावा, याचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

वाटेच्या संकटाची आगाऊ बेगमी करण्याचा रिवाज मात्र आपल्याला नवा नव्हता. बैलगाडीच्या तळाशी लोंबणारे वंगणाचे नळकांडे आणि रात्रीचा कंदील ही आमच्या गाडीवानाची स्टेपनीच होती, आणि कणा कोरडा पडून करकरू लागण्याआधीच त्याचा हात त्या नळकांड्याकडे जाई. मोटार आली तेव्हा या दक्षतेचा वारसा घाटातल्या ड्रायव्हरांनी उचलला असे मी मानतो, आणि तो वारसा मी एकदा प्रत्यक्ष पाहिला आहे.

गणपतीच्या दिवसांत, भुरभुरत्या पावसात, कशेडी घाटात आमच्या फियाटचे मागचे चाक बसले. डिकीतून स्टेपनी काढली, तो तिच्यातही हवा नाही. वर्षभर तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते, आणि हा अपराध सर्वस्वी माझा होता. मागून आलेल्या ट्रकचे वयस्क ड्रायव्हर उतरले, पंप घेऊन आले, आणि मी जॅक लावायला वाकताच म्हणाले, “थांबा साहेब, आधी दगड.” उताराच्या बाजूने चाकांना दोन मोठे दगड लावून झाल्यावर, गाडी जमिनीवर टेकलेली असतानाच त्यांनी नट जरासे सैल केले, कारण उचललेल्या गाडीवर पान्याला जोर दिला तर ती जॅकवरून घसरते, ओल्या मातीत जॅक रुतू नये म्हणून त्याच्याखाली फळी घातली, आणि काढलेले चाक गाडीच्या पोटाखाली आडवे सरकवून ठेवले, जेणेकरून जॅक निसटलाच तर गाडी माणसावर न येता त्या चाकावर टेकावी. नट आवळले तेही समोरासमोरचे, आळीपाळीने.

२०२० साली सरकारने नियमांत दुरुस्ती करून, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे साहित्य असलेल्या मोटारींना स्टेपनीच्या सक्तीतून मुक्त केले, त्यामुळे कित्येक मोटारी पुन्हा चारच चाकांनिशी घराबाहेर पडतील. माझी जुनी गाडी अद्याप पाच चाकांची आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हवा भरायला जातो तेव्हा पंपावरचा मुलगा चार चाके उरकून नळी गुंडाळू लागतो, आणि मी डिकी उघडतो.