कोयत्याचा हिशेब आणि आजीचे घर

सामाजिक आधार मोजण्यासाठी १९८८ साली झिमेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सिद्ध केलेल्या मापिकेत बारा विधाने असून आधाराचे उगम तीन मानले आहेत : कुटुंब, मित्र आणि एखादी विशेष जवळची व्यक्ती. ही मापिका सेनगाव तालुक्यातील नातवंडे सांभाळणाऱ्या आजीपुढे ठेवावयाची झाल्यास, तिचे 'कुटुंब' कोणते, हाच प्रश्न प्रथम उभा राहतो. ज्यांनी तिला आधार द्यावयाचा ते मुलगा व सून ऊसतोडीस गेलेले असतात आणि त्यांच्या संसाराचा भार तिच्याच अंगावर असतो.

या स्थितीस इतिहास आहे. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला. पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले व तोडणीसाठी मराठवाड्यातील कोरडवाहू गावांकडून मजूर येऊ लागले. १९७२ च्या दुष्काळाने या वाटा अधिकच रुळल्या. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याचा सेनगाव तालुकाही याच पट्ट्यातला. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. गावी राहिलेले मूल व त्याला राखणारी म्हातारी यांना त्या हिशेबात घर नाही.

कायद्यातही ते फारसे नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ अन्वये नैसर्गिक पालक पिता व त्यानंतर माता. आजीला पालकत्व हवे असल्यास १८९० च्या अधिनियमाखाली न्यायालयाची पायरी चढावी लागते. ती कोण चढणार? भाषेने मात्र 'आजोळ' हा शब्द केव्हाच घडवून ठेवला आहे. शासनाच्या हंगामी वसतिगृहांनी मुलाच्या जेवणाची सोय पुष्कळ ठिकाणी केली, परंतु रात्रीचा ताप आणि दुखणेखुपणे आजीकडेच राहिले.

म्हणून येथे आधार मोजताना महिन्याचा विचार अपरिहार्य ठरतो. उचल बहुधा हंगामापूर्वीच मिळते व जुने देणे, लग्न, औषधपाणी यांत सरते. मार्गशीर्षात घेतलेली नोंद आणि मजूर परतल्यावर ज्येष्ठात घेतलेली नोंद एकाच स्त्रीची असूनही एक आकडा देईल, असे मानण्यास आधार नाही. शेजारीण उसने पीठ देते, आत्या आठवड्याला डोकावते, मामा वह्या आणतो. बारा विधानांत यांपैकी कोणाचीही जागा निश्चित नाही, आणि त्या आत्याचीही स्वतःची मुले कित्येकदा दुसऱ्या कोणाच्या घरी असतात.