कोटी म्हणजे उंची नव्हे

गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधच्या तलावाचा नकाशा आलेखकागदावर काढला, तर उभ्या अक्षावर दक्षिण-उत्तर अंतर येते. त्याच तलावाच्या पाळीचा छेद काढला, तर उभ्या अक्षावर पाळीची उंची येते. दोन्ही आकृत्यांत बिंदूच्या दुसऱ्या निर्देशकाचे नाव मात्र एकच, कोटी. पहिल्याचे नाव भुज. जिल्ह्यातील हिंदी माध्यमाच्या विद्यार्थ्यालाही हेच शब्द भेटतात. मग कोटीचा खरा अर्थ कोणता?

व्यवहारात कोटी म्हणजे शंभर लाख, आणि बोलण्यात शब्दावर केलेला विनोद. संस्कृतात मात्र धनुष्याच्या टोकालाही कोटी म्हणत. आपल्या जुन्या ज्योतिषगणिताने चाप, ज्या, शर हे शब्द धनुष्यावरूनच घेतले, आणि कोटिज्याही त्यांच्याच पंगतीत बसली.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त कोटीची व्याख्या दिली. तिचा आशय असा : काटकोन करणाऱ्या दोन बाजूंपैकी हवी ती भुज माना, तिच्या आडव्या दिशेला जाणारी दुसरी बाजू ती कोटी. म्हणजे उभे-आडवे हे कोटीच्या अंगी मुळातच नाही. आधी कोणती बाजू निवडली, यावर ते ठरते.

युरोपातील शब्दाचीही कथा अशीच आहे. शांकवांचा अभ्यास करणाऱ्या ग्रीक अपोलोनियसने व्यासापासून वक्रापर्यंत क्रमाने ओढलेल्या समांतर रेषांचा उपयोग केला. त्यांच्या लॅटिन नावातून ‘ऑर्डिनेट’ हा शब्द आला. त्याच्या मुळाशी ‘क्रमाने ओढलेली’ एवढाच अर्थ आहे, ‘उभी’ असा नाही. देकार्तने १६३७ मध्ये भूमितीला बीजगणिताची जोड दिली, तेव्हाही त्याच्या रेषा काटकोनातच असाव्यात असे बंधन नव्हते. उभा अक्ष ही पुढे रूढ झालेली सोय आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. ‘कोटी म्हणजे उंची’ असे पाठ केलेला विद्यार्थी तलावाच्या नकाशावरील बिंदूची कोटी पाहून तिथली जमीन उंच समजेल, आणि पाणी कुठे वाहील याचा अंदाज चुकवील. ज्या मुलखात कोहळी समाजाने उतार ओळखून तलाव बांधले, तिथे ही चूक साधी नव्हे. म्हणून कोटी वाचण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : हा अक्ष कशाचा आहे? भास्कराचार्यांची व्याख्याही आधी भुज ठरवायलाच सांगते.