फॅरारबाईंची शाळा आणि आपली शाळा

मुलींच्या शाळेचा विषय निघाला की आपण सावित्रीबाईंचं नाव घेतो, आणि ते घ्यायलाच हवं. पण सावित्रीबाईंच्या जन्माआधी तीन वर्षं एक बाई सात समुद्र ओलांडून मुंबईला आली होती. तिचं नाव सिंथिया फॅरार. आज आम्ही तिच्याबद्दल बोलणार आहोत.

फॅरारबाई अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर प्रांतातल्या मार्लबरो गावच्या. जन्म १७९५ चा. लग्न केलेलं नव्हतं, शिक्षिकेचं काम करत होत्या. बोस्टनला ख्रिस्ती लोकांचं एक मिशन मंडळ होतं. परदेशात धर्म सांगायला आणि शाळा काढायला ते माणसं पाठवायचं. या मंडळाचे पहिले पाद्री १८१३ साली मुंबईत उतरले. कंपनी सरकारने त्यांना परत जायला सांगितलं, पण ते चिकाटीने राहिले. १८२४ साली मिशनने मुंबईत मुलींची शाळा सुरू केली.

शाळा निघाली, पण ती सांभाळायची कोणी? पाद्र्यांच्या बायका शिकवायच्या. बाळंतपणं, ताप, घरकाम यांतून त्यांना सवड किती मिळणार? म्हणून शाळेसाठीच एखादी बाई हवी, असं ठरलं. एकट्या बाईला इतक्या लांब पाठवायला मंडळ सहसा तयार नसायचं. तरी १८२७ च्या जूनमध्ये फॅरारबाई बोस्टनहून जहाजात बसल्या. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता, सगळ्या आफ्रिकेला वळसा घालावा लागायचा. मुंबईला पोचेपर्यंत वर्ष सरत आलं होतं.

आता यासाठी पैसा कुठून आला, ते ऐका. ते आपल्या बचत गटाच्या बायांना लगेच कळेल. त्या भागातल्या बायका मिशनच्या कामासाठी मंडळ्या करून पैसे जमवायच्या. बोस्टनच्या एका मंडळीत तर १८०२ सालापासून दर आठवड्याला एक सेंट टाकायची रीत होती. सेंट म्हणजे तिकडचा पैसा. या बायकांना मत देण्याचा हक्क नव्हता. लग्न झालेल्या बाईच्या नावावर बहुतेक ठिकाणी मालमत्ताही राहत नसे. अशा बायांच्या चिल्लरीवर मिशनचं बरंच काम चालायचं.

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते. त्या काळी शाळा म्हणजे भाड्याची खोली, नाहीतर कोणाची ओसरी. भिंतीपेक्षा मुली मिळवणं अवघड होतं. शिकलेल्या मुलीचा नवरा मरतो, असं लोक बोलायचे. दहा-अकराव्या वर्षी मुलगी लग्न होऊन सासरी जायची आणि शाळा तिथेच सुटायची. शिकवायला वाचता येणाऱ्या बाया नव्हत्या, म्हणून पंतोजी ठेवावे लागत. फॅरारबाईंना आधी मराठी शिकावी लागली, मग घरोघर जावं लागलं.

आणखी एक गोष्ट सरळ सांगायला हवी. मिशनचा हेतू नुसतं अक्षर शिकवायचा नव्हता. लोकांनी ख्रिस्ती व्हावं, हीही त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी लपवली नाही. त्यामुळे आईबापांच्या मनात धास्ती असायची. दुसरीकडे, ज्यांना गावच्या शाळेत बसू देत नव्हते, त्यांच्यासाठी मिशनच्या शाळेचं दार उघडं होतं. नगर जिल्ह्यात पुढे कित्येक महार-मांग कुटुंबांनी हा धर्म घेतला. काहींनी श्रद्धेने घेतला, काहींनी माणूस म्हणून वागणूक मिळाली म्हणून घेतला. या दोन्ही बाजू एकाच इतिहासातल्या आहेत. एक झाकून दुसरी सांगता येत नाही.

तब्येत बिघडली म्हणून फॅरारबाई १८३७ साली मायदेशी गेल्या. दोन वर्षांनी त्या परत आल्या आणि अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवू लागल्या. तिथेच १८६२ साली त्यांनी देह ठेवला. पहिल्यांदा मुंबईला उतरल्यापासून ३४ वर्षं झाली होती. आजकाल आठ-पंधरा दिवसांसाठी परदेशी जाऊन शाळेच्या भिंती बांधून देणारी मंडळीही असतात. मदत लहान असली तरी चांगलीच. पण भिंत उभी राहिल्यावर रोज सकाळी ती शाळा उघडणारं कोणीतरी लागतं.

ते कोणीतरी आपल्याच मातीतून आलं. जोतीराव फुले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याबरोबर नगरला गेले आणि त्यांनी फॅरारबाईंची शाळा पाहिली. ती पाहून मुलींच्या शिक्षणाचं मनावर घेतलं, असं त्यांनी पुढे स्वतः सांगितलं आहे. १८४८ साली पुण्याला भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंकडे शिकवण्याचे धडे घेतले, असं त्यांच्या चरित्रांत येतं. पण शाळेपायी १८४९ साली घर सोडावं लागलं ते जोतीराव-सावित्रीबाईंना. रस्त्यात शेण-चिखल अंगावर घेतला तो सावित्रीबाईंनी.

आणि त्याचं फळही दिसलं. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता ही मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी. तिने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. हे पत्र त्याच अमेरिकन मिशनचं. अमेरिकेतल्या बायांचा सेंट, फॅरारबाईंचे कष्ट, सावित्रीबाईंची हिंमत, हे सगळं त्या मुलीच्या लेखणीपर्यंत येऊन पोचलं.

बायांनो, आम्हाला यातून एक गोष्ट दिसते. बाहेरचं माणूस वाट दाखवू शकतं, पैसा आणू शकतं. शाळा टिकते ती गावाने आपली मानली तर. आज कायद्यानेच आपल्याला तसं स्थान दिलं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया असाव्या लागतात. पण कितीतरी ठिकाणी बाईचं नाव कागदावर असतं आणि बैठकीला जातो तिचा नवरा. सही तेवढी घरी मागितली जाते.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेबाची वही मिटली की एवढं विचारा. आपल्या शाळेच्या समितीत कोण कोण बाया आहेत? शेवटची बैठक कधी झाली आणि त्या तिथे होत्या का? सातवीनंतर गावातल्या कुठल्या मुली घरी बसल्या आहेत? त्यांची नावं लिहून काढा आणि दोघी-तिघी मिळून त्यांच्या घरी जा. फॅरारबाई अनोळखी मुलखात परकी भाषा शिकून घरोघर जात होत्या. आपल्याला तर फक्त पलीकडच्या आळीत जायचं आहे.