राजकीय शब्दयोजना आणि मतदार (डहाणू–तलासरी)

दुभंगलेल्या समाजात पुढारी माणसांना, जमिनीला, आंदोलनाला किंवा गुन्ह्याला जी नावे देतात, त्यांचा मतदाराच्या निवडीवर होणारा परिणाम हा राज्यशास्त्राचा आणि समाजभाषाविज्ञानाचा विषय आहे. हा परिणाम साधारणपणे तीन प्रकारे घडतो : ऐकणारा कोणत्या गटातला, हे शब्द सांगतो, घडल्या गोष्टीचा दोष कोणावर, हे सांगतो, आणि निवारण कोणी करायचे, हेही सुचवतो. उत्तर आयर्लंडमध्ये एकाच शहराला ‘डेरी’ किंवा ‘लंडनडेरी’ म्हटल्याबरोबर बोलणाऱ्याची बाजू बहुधा कळते. पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे डहाणू व तलासरी तालुक्यांत, पहिला प्रकार अधिक प्रभावी दिसतो.

प्रदेश व विभागणी. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण तलासरीत सुमारे ९० टक्के, तर डहाणूत सुमारे ६९ टक्के आहे. वारली हा सर्वांत मोठा समाज असून कोकणा, दुबळा, धोडी, कातकरी, मल्हार कोळी हेही येथे आहेत. किनारपट्टीवर मांगेला, माच्छी, भंडारी, वाडवळ; बागायतीत इराणी व पारशी; बाजारात गुजराती व्यापारी अशी वस्ती आहे. तलासरी तालुक्यातील झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे अगदी उत्तरेकडचे गाव. त्यापलीकडे गुजरातचा उंबरगाव तालुका लागतो. जमात, भाषा, जमिनीची मालकी आणि राज्याची हद्द या चार रेघा येथे एकमेकींना छेदतात. त्यामुळे बोर्डीच्या बाजारात लागू पडणारा शब्द डोंगरपट्टीच्या पाड्यावर लागू पडेलच असे नाही.

१९४५ चा उठाव. या भागातील राजकीय भाषेचा पाया किसान सभेने घातला. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र राज्य किसान सभेची परिषद झाली. त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांनी वारल्यांमध्ये काम सुरू केले. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी (झाई नव्हे) येथे हजारो वारली जमले. वेठ करायची नाही आणि रोजचे बारा आणे मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतात उतरायचे नाही, असे तेथे ठरले.

जमीनदाराच्या हिशेबात वेठ हा रिवाज होता आणि लग्नासाठी कर्ज घेऊन बायकोसह राबणारा ‘लग्नगडी’ हा ऋणको होता. सभांमधून या दोन्ही गोष्टी गुलामी म्हणून मांडल्या गेल्या. जी गोष्ट नशिबाची वाटत होती, तिला जबाबदार माणूस आहे आणि त्याला नाव आहे, असा अर्थ ऐकणाऱ्याला मिळाला. मागण्या आकड्यांत सांगितल्या जात. पाचशे पौंड गवत कापले की अडीच रुपये, ही मागणी निरक्षर मजुरालाही तोंडपाठ होती. पुढच्या काळातील पुष्कळ भाषणांत असा ताडून पाहता येणारा आकडा आढळत नाही.

प्रतिपक्षाची भाषा निराळी होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये गवतकापणीचा संप चालू असताना गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, अशी बातमी पाड्यापाड्यांत पसरली आणि तलवाड्याला मोठा जमाव गोळा झाला. किसान सभेच्या बाजूच्या लेखनानुसार ही बातमी जमीनदारांनीच पेरली होती आणि जमाव हल्ल्यासाठी आल्याचे पोलिसांनाही त्यांनीच कळवले होते. १० ऑक्टोबरच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्यांतील जेठ्या गांगड याचे नाव पहिला हुतात्मा म्हणून घेतले जाते. १९४६ मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावरही आंदोलनाकडे मुख्यतः कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहिले गेले आणि परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. या उठावाचा मोठा वृत्तांत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या गोदावरी परुळेकरांच्या पुस्तकात आहे. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उठावाविषयीचे बहुतेक लेखन या एका पुस्तकावर उभे असल्याने वारल्यांचे स्वतःचे शब्द त्यात गाळून आलेले आहेत, हे लक्षात ठेवावे लागते.

किसान सभेमागच्या कम्युनिस्ट पक्षाच्या लांबलचक नावापेक्षा ‘लाल बावटा’ हेच नाव लोकांत रुळले. शामराव परुळेकर १९५७ मध्ये ठाण्यातून, तर लहानू कोम १९७७ मध्ये डहाणूतून लोकसभेवर निवडून गेले.

भाषा आणि सीमा. वारली बोली मराठीची की गुजरातीची, हा प्रश्न राज्यपुनर्रचनेच्या काळात राजकीय झाला. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात ती मराठीच्या खंडात येते. संयुक्त महाराष्ट्राच्या आणि महागुजरातच्या बाजूंनी सीमेवरील बोलींबाबत परस्परविरोधी दावे केले. १९६० मध्ये उंबरगाव तालुक्यातील काही गावे गुजरातकडे गेली, उरलेली महाराष्ट्रात राहिली. एकाच समाजाची सोयरीक हद्दीच्या दोन्ही बाजूंना असल्याने ‘मराठी माणूस’ हा मुंबईत चालणारा शब्द येथे तेवढा जोर धरत नाही.

आदिवासी, वनवासी, जनजाती. संविधानाच्या इंग्रजी पाठात ‘शेड्यूल्ड ट्राइब्स’, हिंदी पाठात ‘अनुसूचित जनजाति’ आणि मराठीत ‘अनुसूचित जमाती’ ही संज्ञा आहे. संविधान सभेत जयपाल सिंग मुंडा यांनी ‘आदिवासी’ या शब्दाचा आग्रह धरला होता. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये या जमातींना मागासलेले हिंदू मानावे, असे मत मांडले. १९५२ मध्ये बाळासाहेब देशपांडे यांनी जशपूर येथे वनवासी कल्याण आश्रम स्थापन केला. तेव्हापासून ‘वनवासी’ हा शब्द संघपरिवाराच्या कामाशी जोडला गेला. तलासरीतही त्या विचाराचे वसतिगृह व सेवाकार्य माधवराव काणे यांच्या नावाशी निगडित आहे. डहाणूतून १९९६ व १९९९ मध्ये आणि पालघरमधून २०१४ मध्ये निवडून आलेले भाजपचे चिंतामण वनगा याच वर्तुळातून पुढे आले.

वादाचे मूळ अर्थापेक्षा दाव्यात आहे. ‘आदिवासी’ म्हटले की जमिनीवरचा पहिला हक्क सूचित होतो; ‘वनवासी’ म्हटले की राहण्याचे ठिकाण सांगितले जाते आणि व्यापक हिंदू समाजातील स्थान अध्याहृत राहते. नोव्हेंबर २०२२ मध्ये वाशीम जिल्ह्यात आणि मार्च २०२४ मध्ये नंदुरबारला राहुल गांधी यांनी हाच भेद प्रचाराचा मुद्दा केला. केंद्र सरकारने २०२१ पासून १५ नोव्हेंबरला ‘जनजातीय गौरव दिवस’ ठरवला, तेव्हा तिसरा शब्द पुढे आला. प्रत्यक्ष सभांत मात्र भाजपचे पुढारीही ‘आदिवासी’ म्हणतात, कारण मतदार स्वतःला त्याच नावाने ओळखतो.

अतिक्रमण आणि वनहक्क. वनखात्याच्या कागदावर ‘अतिक्रमण’, किसान सभेच्या तोंडी ‘कसेल त्याची जमीन’, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर ‘दावा’ अशी कसल्या जाणाऱ्या वनजमिनीच्या एकाच प्लॉटची तीन नावे आहेत. कायद्याच्या उद्देशिकेतच ‘ऐतिहासिक अन्याय’ मान्य केल्याने प्लॉटधारक आरोपीच्या जागेवरून अर्जदाराच्या जागी आला. ६ ते १२ मार्च २०१८ दरम्यान नाशिकहून मुंबईपर्यंत निघालेल्या किसान सभेच्या लाँग मार्चच्या शेवटच्या दिवशी एकाच पक्षाचे दोन सूर ऐकू आले. भाजपच्या खासदार पूनम महाजन यांनी मोर्चाचा संबंध शहरी माओवादाशी जोडला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत, मोर्चेकऱ्यांत ९० ते ९५ टक्के गरीब आदिवासी आहेत, असे सांगून मागण्यांबाबत सहानुभूती दाखवली. पहिले वक्तव्य शहरी श्रोत्यांसाठी आणि दुसरे मोर्चेकऱ्यांसाठी होते, असे दिसते.

२०१८ ची पोटनिवडणूक. चिंतामण वनगा यांच्या निधनानंतर २८ मे २०१८ रोजी पालघर लोकसभेची पोटनिवडणूक झाली. वनगा यांचे पुत्र श्रीनिवास यांना शिवसेनेने, तर काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित यांना भाजपने उभे केले. राज्यात सत्तेत एकत्र असलेले दोन पक्ष समोरासमोर आले. प्रचार संपत आला असताना उद्धव ठाकरे यांनी सभेत एक ध्वनिफीत ऐकवली. तीत फडणवीस कार्यकर्त्यांना ‘साम, दाम, दंड, भेद’ वापरण्यास सांगत असल्याचा दावा होता. फडणवीस यांनी फीत तोडून ऐकवल्याचे म्हटले. कार्यकर्त्यांच्या बैठकीतला शब्द मतदारासमोर आला की त्याचा अर्थ बदलतो, याचे हे ठळक उदाहरण होय. वसई-नालासोपारा पट्ट्यातील उत्तर भारतीय मतदारांसाठी योगी आदित्यनाथ यांची सभा झाली, तेव्हा मतदारसंघाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या भाषा चालू होत्या. गावित २९,५७२ मतांनी विजयी झाले. वर्षभरात तेच गावित शिवसेनेचे उमेदवार झाले.

गडचिंचले. १६ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीत, चोर व मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवांच्या वातावरणात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. घटनेला धार्मिक रंग देणारी वक्तव्ये देशभर झाली. चित्रफितीत ‘मार शोएब मार’ असे ऐकू येते, असा प्रचार झाला; ते शब्द ‘ओये बस’ असल्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सांगितले. अटक केलेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, हे दाखवण्यासाठी त्यांनी नावांची यादी जाहीर केली. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीही हा जातीय-धार्मिक प्रकार नसल्याचे सांगितले. हत्येमागे अन्य हेतू होता का, याबाबत पक्षांची मते वेगवेगळी आहेत.

वाढवण बंदर. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील वाढवण येथील ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला मंजुरी दिली. ‘विकास’ आणि ‘रोजगार’ यांच्यासमोर किनाऱ्यावर ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा उभी राहिली. ‘भूमिपुत्र’ या शब्दावर मच्छीमार, बागायतदार आणि आदिवासी असे सर्वच हक्क सांगतात. त्यामुळे तो एकजुटीचाही आहे आणि कुरबुरीचाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पायाभरणी करताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवपुतळा कोसळल्याबद्दल माफी मागितली आणि त्याच भाषणात सावरकरांच्या अवमानाबद्दल विरोधकांवर टीका केली. बातम्यांत बंदरापेक्षा माफीच गाजली.

समाजमाध्यमे. प्रचारात ध्वनिफिती व चित्रफितींचा वापर वाढला आहे.

कायदेशीर मर्यादा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समुदाय किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे भ्रष्ट आचरण ठरते. १२३(३अ) वैर पसरवण्यास मनाई करते. निकालपत्रांमुळे या विषयाची महाराष्ट्रातील तपशीलवार कागदपत्रे मुंबईतील निवडणुकांची आहेत. डिसेंबर १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांमुळे रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी तो निर्णय कायम केला. पुढे ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात मनोहर जोशी यांचे, पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, हे विधान आशा व्यक्त करणारे मानून त्यांची निवड कायम ठेवली गेली. २ जानेवारी २०१७ रोजी अभिराम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी, मतदाराच्या धर्म-जातीचे आवाहनही या कलमाखाली येते, असे ठरवले. ‘वनवासी’ किंवा ‘अतिक्रमण’ यांसारखे शब्द मात्र कोणत्याच कलमात बसत नाहीत.

परिणामाचे मूल्यमापन. डहाणू विधानसभा मतदारसंघ २०१४ मध्ये भाजपच्या पास्कल धनारे यांनी, तर २०१९ व २०२४ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या (माकप) विनोद निकोले यांनी जिंकला. शेवटच्या दोन्ही खेपेस अंतर पाच हजारांच्या आसपास होते. इतक्या चुरशीत काही हजार मते फिरवणारा शब्दही निर्णायक ठरू शकतो. परंतु उमेदवाराची जमात, स्थानिक संघटना, पैसा आणि आघाड्या यांपासून त्याचा वाटा मतमोजणीतून वेगळा काढता येत नाही. १९४५ पासूनचा अनुभव पाहता, नव्या शब्दाने मतदाराचे मत पालटण्यापेक्षा जुन्या गटाची ओळख पक्की होण्याची शक्यता अधिक आहे. जो शब्द मजुरीच्या दराशी, प्लॉटच्या दाव्याशी किंवा मासेमारीच्या पाण्याशी जोडलेला असतो, तो निवडणुकीनंतरही टिकतो. बाकीचे बहुधा प्रचाराबरोबर संपतात.